रामटेके सरांचं रेडिमेड वाक्य

प्रिय रामटेके सर,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. माझं नाव पुकारलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं आणि मागच्या बाकावर बसून राहिले. तुम्ही असता तर विचारलं असतं, "काऊन वो बाई, तोंडात मूग भरले का?" म्हणून आज सांगते.

प्राचार्य म्हणाले, सरांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. मग इंग्रजी विभागातले एक सर उठले आणि तेच म्हणाले. मग विद्यार्थी प्रतिनिधी उठला. त्याने पोकळीच्या आधी फक्त 'फार मोठी' जोडलं. तेव्हा शेजारी बसलेल्या सुनंदाने मला कोपराने ढोसलं आणि कानात म्हणाली, "सर असते तं म्हणाले असते, रेडिमेड हाय." मला हसू आलं. शोकसभेत हसू! म्हणून उठले नाही. उठले असते तर माझ्याही तोंडून पोकळीच निघाली असती.

तर मग आताच का लिहिते आहे? आमचा पेपर सोमवारी नियतकालिकाकडे जातो आहे. त्यात एक वाक्य होतं, तुम्ही दिलेलं. त्या वाक्याचं काय झालं हे तुम्हाला कळायला हवं. दुसरं कोणी समजून घेईल असं वाटत नाही. खरं तर तुम्ही तरी समजून घेतलं असतं का, याचीही मला खात्री नाही.

तुमच्याबद्दल मला पहिल्या दिवसापासून संशय होता, सर. हे तुम्हाला माहीत होतं ना?

मी सावली गावाहून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. एम.एस्सी. जीवरसायनाच्या वर्गात आम्ही सगळे साधारण असेच. हिमोग्लोबिन, सेंट्रिफ्यूज, इलेक्ट्रोफोरेसिस हे शब्द आम्हाला झोपेतही यायचे. अडायचं ते व्हेअरॲज आणि ऑल्दोवर! मोठमोठे शब्द घेऊन आम्ही उभे, आणि त्यांना एकमेकांशी बांधायला दोरी नाही. त्यासाठी कॉलेजने शनिवारी प्रॅक्टिकलनंतर तुमचा तास ठेवला. जैववैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक इंग्रजी, असं वेळापत्रकात होतं. हाताला साबणाचा वास, खिडकीच्या गजांवर चंद्रपूरच्या कोळशाची धूळ, आणि तुम्ही वर्गात येऊन म्हणालात, "बसा. मले बायोलॉजी येत नाई. तुमाले इंग्रजी येत नाई. हिशोब बरोबर."

सगळे हसले. मी नाही. इंग्रजीच्या तासाला आमची झाडीबोली बोलणारा शिक्षक! वर्गाबाहेर पडताना मी सुनंदाला म्हटलं, "यांना इंग्रजी येतं का, हे बघावं लागेल." सुनंदा मडावी, माझी खोलीतली जोडीदार, धानोऱ्याकडची. घरी गोंडी, शाळेत मराठी, इथे इंग्रजी. ती म्हणाली, "तुले तं मेसच्या वरणावर बी डाऊट येते."

पण तुमच्या तासाची पहिली गोष्ट मला आवडली होती, हे मान्य करते. तुम्ही प्रत्येकाला एक झेरॉक्स दिली. पेपरमध्ये लागणारी तयार वाक्यं. नमुने कसे गोळा केले, हे सांगायचं वाक्य. निष्कर्ष सावधपणे मांडायचं वाक्य. आभाराचं वाक्य. आणि मधोमध एक: रिटन इन्फॉर्म्ड कन्सेंट वॉज ऑब्टेन्ड फ्रॉम ऑल पार्टिसिपंट्स. सर्व सहभागी व्यक्तींना माहिती देऊन त्यांची लेखी संमती घेतली. मी ती सगळी पाठ केली. पाठ करणं मला येत होतं. शाळेत धड्यातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण गुण, आपल्या शब्दांत लिहिलं की अर्धे. बुद्धविहारात रविवारी वंदना म्हणताना एक अक्षर सुटलं तर बाबा डोळे न उघडता दुरुस्त करायचे. छापलेलं बदलायचं नाही, ही आमच्याकडे शिस्त होती. कोणी त्याला चोरी म्हणत नव्हतं.

इथे म्हणाले. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून बाहेर आलं ते पानभर लाल होऊन. मला वाटलं, आता कॉलेजमधून काढतात. तुम्ही ते पान हातात धरून खिडकीपाशी गेलात आणि म्हणालात, "वा! फागुनातला पळस फुलला जसा."

"सर, मी चोरी नाही केली. मी नीट लिहिलं. एकही शब्द चुकवला नाही."

"तेच तं. एक बी चुकवला नाई."

मग नागभीडच्या तुमच्या घराबद्दल सांगितलंत. वडील शिंपी. स्टेशनच्या रस्त्यावर मशीन टाकून बसायचे. सणाला लोक बाजारातून रेडिमेड शर्ट आणायचे आणि तो खांद्यात ढिला, पोटावर तंग झाला की वडिलांकडे यायचे. ते सगळा उसवायचे, माणूस समोर उभा करायचे आणि माप घ्यायचे. "वाक्य बी असंच घे," तुम्ही म्हणालात. "बाजारातून आण, हरकत नाई. पण माणूस उभा कर समोर. माप घे. मंग घाल."

चांगलं बोललात. पण सर, ते रेडिमेड शर्ट आम्हाला वाटले कोणी? तुम्हीच ना! पहिल्या दिवशी झेरॉक्स करून? हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारते.

त्यानंतर तुम्ही आमचं कुठलंही पान वाचायचात ते एकाच पद्धतीने. ओळीवर बोट ठेवून हळूहळू पुढे जायचं आणि मध्येच थांबायचं. "मले समजून नाई राह्यलं. हे कोणी पाह्यलं?" "हे तू पाह्यलं का मशीननं?" "आईले फोन लाव, तिले सांग, मंग लिह." एकदा सुनंदाने खरंच वर्गातून आईला फोन लावला आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी कशी होते ते गोंडीत सांगितलं. तुम्हाला एक शब्द कळला नसणार. तरी मान डोलवत म्हणालात, "आता लिह. आता येते तुले." आणि तिला खरंच आलं. तो परिच्छेद तिच्या प्रबंधात अजून आहे, एकही लाल ओळ नाही.

मला मात्र एकच प्रश्न पडायचा. समजून नाई राह्यलं म्हणजे, तुम्हाला खरंच समजत नव्हतं की तुम्ही सोंग करत होता? एवढ्या दिवसांत तुम्ही माझ्या पानावर स्वतः इंग्रजीत एक वाक्यही लिहिलं नाहीत. एकही नाही, सर! खरंच येत होतं तर एखादं लिहून दाखवायला काय झालं होतं?

आता त्या पेपरबद्दल. सिकलसेलचा. माझ्या गाईड मॅडमनी धानोऱ्याच्या पुढच्या एका गावात शिबिर घेतलं होतं. मी त्या शिबिराला गेले नव्हते, माझी परीक्षा होती. माझ्याकडे आल्या त्या रक्ताच्या नळ्या, वर आकडे लिहिलेल्या, बर्फाच्या डब्यात. चाचण्या मी केल्या, त्या बरोबर आहेत, त्याबद्दल मला शंका नाही. पेपरचा मसुदाही मीच लिहिला. पद्धतीच्या भागात ते वाक्य टाकलं. तुमच्या झेरॉक्सवरचं, जसंच्या तसं. ते वाक्य बदलायचं असतं असं माझ्या मनातही आलं नाही. ते प्रत्येक पेपरमध्ये असतं.

तुमचं बोट तिथे थांबलं.

"हे कोणी पाह्यलं?"

"सर, हे पाहायचं वाक्य नाही. हे लिहावंच लागतं."

"तू होती का तिथी?"

"मॅडम होत्या."

"माहिती देऊन संमती. माहिती कोणत्या भाषेत देली?"

मला राग आला. मी म्हटलं, "सर, हे इंग्रजी नाही. इंग्रजीचं काही असेल तर सांगा."

तुम्ही बोट उचललं. हसलात. "बरोबर हाय. हे इंग्रजी नोहे." आणि पुढच्या ओळीवर गेलात. नंतर तो विषय कधी काढला नाहीत. मग दिवाळीची सुट्टी लागली, तुम्ही नागभीडला गेलात आणि तिथेच तुमचं हृदय थांबलं.

इतक्या सहज का सोडून दिलंत, सर? एरवी इंग्रजीतल्या एका 'द'वर अर्धा तास घालवणारा माणूस! तुम्ही थकला होतात, की मुद्दाम माझ्यावर सोडलंत? मला मुद्दाम वाटतं. आणि ते मला आवडलेलं नाही.

कारण ते मग माझ्या डोक्यातून जाईना. जानेवारीत मी मॅडमना विचारलं. मॅडम वाईट नाहीत. नागपूरहून येतात, दिवसभर उभ्या राहून काम करतात, उन्हातान्हात शिबिरं घेतात. त्या म्हणाल्या, "संमतीपत्रं आहेत ना, सगळ्यांचे अंगठे आहेत. तिथल्या कार्यकर्तीने समजावून सांगितलं."

"गोंडीत?"

"तिला थोडी येते. दुभाषा येणार होता, त्याची बस चुकली. वैशाली, सगळे असंच लिहितात. तुझी पीएच.डी.ची मुलाखत मार्चमध्ये आहे. पेपर त्याआधी पाठवलेला हवा की नको?"

हवा होता. मुलाखतीला पेपर नसेल तर माझ्या अर्जात दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं. पेपरवर सही करून टाकायची, एवढंच उरलं होतं. आणि तुमचं ते बोट.

फेब्रुवारीत मी आणि सुनंदा त्या गावी गेलो. एस.टी. सावलीवरून जाते. घरासमोरून गेले, उतरले नाही. पुढे गडचिरोली, धानोरा आणि तिथून सुनंदाच्या मामाची मोटरसायकल. वाटेत सुनंदा म्हणाली, "माया मावशीचं गाव हाय हे. कोणी काई म्हणलं तं मले ऐकावं लागन, तुले नाई."

पहिल्याच घरी सोमीबाई भेटल्या. मधल्या वयाच्या, तोंडाने फटकळ. आम्ही चंद्रपूरच्या कॉलेजातून आलो म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात मागे लपवले. "अजून रगत पाह्यजे का?" मग सुनंदाकडे वळून गोंडीत काहीतरी बोलल्या आणि ओसरीतल्या बाया हसल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणते, मागच्या बारीनं नेलं ते पिऊन टाकलं का?"

मी विचारलं, तेव्हा काय सांगितलं होतं तुम्हाला? सुनंदाने प्रश्न गोंडीत नेला आणि उत्तरं मराठीत आणली. कोणी म्हणालं, अशक्तपणा तपासणार होते. कोणी म्हणालं, रेशनसाठी. एका म्हाताऱ्याला फक्त बिस्किटं आठवत होती आणि ती चांगली होती. तुम्ही नाही म्हणू शकता, असं कोणी सांगितलं होतं का? हा प्रश्न सुनंदाला दोनदा सांगावा लागला. कोणाला असं आठवत नव्हतं.

सोमीबाई मात्र आता मराठीतच बोलल्या, सरळ माझ्याकडे बघून. "आमी हो म्हटलं, ते रिपोर्ट भेटन म्हणून. रिपोर्ट कुठी हाय?"

रिपोर्ट! रिपोर्ट माझ्या लॅपटॉपमध्ये होता, सर. आकडे घातलेला, नावं काढलेला, तक्त्यात बसवलेला. इंग्रजीत. मॅडमच्या यादीशी आकडे जुळवले की त्यांच्यापैकी कोणाच्या रक्तात काय आहे हे मला कळत होतं. त्यांना नव्हतं.

परत आल्यावर मी मॅडमना सांगितलं, या वाक्याखाली मी सही करणार नाही. त्या पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. "तू मला खोटं ठरवतेस?" मी म्हटलं, "नाही मॅडम. वाक्याला." ते फार हुशारीचं बोलले मी, मलाच नंतर खटकलं. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या, खुर्ची ओढली आणि विचारलं, "पुन्हा जायचं तर काय काय लागेल?" त्यांनी असं का केलं, ते मी विचारलं नाही. संशय घ्यायलाही कधीकधी वेळ नसतो.

मार्चमधली मुलाखत मी पेपरशिवाय दिली. विचारलं, अजून का पाठवला नाही? मी सांगितलं, संमती पुन्हा घेतो आहोत. समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी प्रतीक्षा यादीत आहे. याचा ठपका मी तुमच्यावर ठेवते, थोडासा. चालेल ना?

एप्रिलात, मोहफुलांच्या दिवसांत, आम्ही पुन्हा गेलो, या वेळी मॅडमही. बाया पहाटेच मोह वेचायला जातात, म्हणून दुपारी त्या परतल्यावर बसलो. अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली, त्यांच्या कडेकडेने आम्ही. मी मराठीत सांगायचं, सुनंदाने गोंडीत. आणि तिथे मला कळलं की मला माझाच पेपर सांगता येत नाही. 'वाहक' म्हटलं तर सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. "मले समजून नाई राह्यलं," ती म्हणाली. अगदी तुमच्या आवाजात! बायांना कळलं नाही आम्ही दोघी का हसलो ते.

मग मी माणूस समोर उभा केला. वाहक म्हणजे अंगात आहे, पण तुम्ही आजारी नाही. तुम्हाला काही होणार नाही. नवरा-बायको दोघांच्याही अंगात असेल, तर लेकराला आजार होऊ शकतो, होईलच असं नाही. हे जसजसं गोंडीत जात होतं, तसतसे प्रश्न परत येऊ लागले. पहिल्या शिबिरात एकही प्रश्न आला नव्हता, हे मॅडमनीच मला हळूच सांगितलं. आता थांबेनात. शेतात काम करायचं की नाही? दुसऱ्या गावाला कळणार का? कागदात नाव येणार का?

मग प्रत्येकाला त्याचा रिपोर्ट दिला, एकेकाला बाजूला नेऊन. आणि विचारलं, तुमच्या रक्ताची माहिती आमच्या अभ्यासात ठेवू का? नाव येणार नाही. नको म्हटलंत तरी रिपोर्ट तुमचाच.

बहुतेक हो म्हणाले. मी प्रत्येक 'हो'कडे संशयाने बघत होते. सुनंदा त्यांची भाची आहे, मॅडम गाडीतून आल्या आहेत, नाही कोण म्हणणार? हे हो आणि मागच्या वेळचे हो, यात फरक आहे हे मी कशावरून ठरवू?

सोमीबाईंची पाळी आली. त्यांनी रिपोर्ट घेतला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. मला विचारलं, "माह्या पोरीचं पुढच्या साली लगन करतो. तुमच्या कागदावरून कोणी वळखन का?"

"नाही. नाव नसतं."

"गावाचं नाव?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे. तालुक्याचं नाव होतं, गाव लहान होतं. मी म्हटलं, "कोणी फारच शोधलं तर गाव कळू शकेल."

त्या थोडा वेळ मोहफुलं हातांनी पसरत राहिल्या. मग सुनंदाकडे बघून गोंडीत एकच शब्द बोलल्या. सुनंदाने तो मराठीत आणला नाही. गरज नव्हती.

"चालेल," मी म्हटलं. "तुमचं काढते."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. तर चहा घेऊन आल्या. "मागच्या बारीनं चहा बी नाई पेऊन गेल्या तुमी," म्हणाल्या. मॅडमनी पेला दोन्ही हातांनी धरला.

सर, परतीच्या वाटेवर मी पहिल्यांदा त्या बाकीच्या सगळ्या 'हो'वर विश्वास ठेवला. ज्या अंगणात 'नाही' म्हणता आलं, तिथलं 'हो' खरं असू शकतं. गाडीत मॅडम म्हणाल्या, "गावाचा उल्लेख काढू आपण. तालुक्याचाही." त्यांनी तो काढला.

आता त्या वाक्याच्या जागी चार वाक्यं आहेत. पहिल्या वेळी माहिती पुरेशी दिली गेली नव्हती, आणि दिली तीही कोणत्या भाषेत. मग आम्ही परत गेलो आणि गोंडीत काय सांगितलं. एका व्यक्तीने नकार दिला आणि तिची माहिती काढून टाकली. चारही माझी आहेत. इंग्रजी साधं आहे, तुम्हाला बहुधा समजलं असतं. मॅडम म्हणतात, परीक्षक पहिल्याच वाक्यावर बोट ठेवतील. ठेवू देत. पेपर परत आला तर पुन्हा पाठवू. सोमवारी सही करते.

तुमच्या शोकसभेत मी जे बोलले नाही, ते आता सांगते, मोजून. शनिवारी प्रॅक्टिकल संपलं की आम्ही हात धुतो आणि तुमच्या वर्गाकडे वळतो, मग आठवतं आणि जिन्याने खाली जातो. नव्या मुलांना अजून कोणी शिकवायला आलेलं नाही. पोकळी किती मोठी आहे, ते मला माहीत नाही. एवढंच मी स्वतः पाहिलं आहे.

तुम्हाला इंग्रजी येत होतं की नाही, हा प्रश्न मी बंद केलेला नाही. पुरावा अपुरा आहे.

पण एक शब्द देते. कॉलेजने विचारलं आहे, नवीन शिक्षक मिळेपर्यंत शनिवारचा तास मी आणि सुनंदा घेऊ का. घेणार आहोत. तुमची झेरॉक्स आम्ही वाटू, कारण मुलांना शर्ट लागतोच, उघडं कसं राहणार? पण त्या मधल्या वाक्यापाशी प्रत्येकाला थांबवीन आणि विचारीन, तू होतीस का तिथे, माहिती कोणत्या भाषेत दिली, आणि नाही कोण म्हणालं. कोणी मला सांगितलं की मॅडम, हे इंग्रजी नाही, तर मी हसून पुढच्या ओळीवर जाणार नाही, सर. मी तिथेच बसून राहीन.

अजून पूर्ण खात्री न पटलेली,
तुमची विद्यार्थिनी
वैशाली